थोरलीचं टायमिंग

मी थोरली बोलतेय. मिस्त्रींच्या शेडमधली थोरली. गाडी आहे मी, चारही चाकांना जोर असलेली. जिथे डांबर संपतं आणि बाकीच्या गाड्या मागे वळतात, तिथून माझं काम सुरू होतं. इंजिन बंद आहे तोवर बोलून घेते. एकदा ते सुरू झालं की मला दुसरं काही सुचत नाही.

दिसायला म्हणाल तर चौकोनी, वर कापडी छत, दारं लावली तर लागतात. रंग एके काळी हिरवा होता. उन्हानं, चिखलानं आणि वेगवेगळ्या डब्यांतून दिलेल्या हातांनी तो आता असा झालाय की ज्याला जो वाटेल तो त्यानं समजावा. मला त्याचं काही नाही. या वयात रंगावरून कोण रुसून बसतंय!

जन्म कारखान्यातला. आम्ही सगळ्या बहिणी एका रांगेत उभ्या होतो, एकाच साच्यातल्या, नव्या टायरांचा वास घेत. मग एकेकीला नेलं. कोण कुठे गेली ते पुन्हा कळलं नाही. मी जमीन मोजणाऱ्या खात्यात लागले. मागे दुर्बिणी, काठ्या, साखळ्या, पुढे साहेब, आणि चालवायला दर वर्षी नवा ड्रायव्हर. खात्याची गाडी कुणाच्याच मालकीची नसते, म्हणून सगळेच तिला हाणतात. मीही तरुण होते, सोसलं. नंतर नव्या गाड्या आल्या आणि मला आवारातल्या कोपऱ्यात लावून टाकलं. तिथे माझ्या फरशीतून गवत वर आलं, सीटमध्ये मांजर व्यालं. मी म्हटलं, चला, निदान कुणाच्या तरी उपयोगी पडतेय.

तिथून मला मिस्त्रींनी आणलं. दोरानं ओढत. शेडच्या दारात मला लावलं आणि तसेच धावत दवाखान्यात गेले, कारण त्यांच्या बायकोचे दिवस भरले होते. दोन-चार दिवसांनी ती बाळाला घेऊन घरी आली, तर दारात मी. पुढचा अर्धा रस्ता मीच अडवलेला. तिनं मला खालीवर पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "माझ्या लेकीच्या आधी हिला घरात आणलीत ना? मग हीच तुमची थोरली. ही माझी धाकटी."

तेव्हापासून मी थोरली, आणि ते बाळ धाकटी. गंमत म्हणून ठेवलेलं नाव, पण मी ते मनावर घेतलं. आजतागायत मी त्या पोरीकडे थोरल्या बहिणीच्याच नजरेनं बघते. जरा लाडानं, जरा धाकानं.

मिस्त्रींनी मला उभं केलं आणि डॉक्टरीणबाईंना दिलं. बाई गुरांच्या डॉक्टर. तेव्हा नुकताच दवाखाना थाटला होता. गाव सपाटीवर, पण गुरं वरच्या डोंगरांत, आणि तिकडे जायला दगडगोट्यांची चढण. रोज सकाळी बाई औषधांची पेटी माझ्या मागे टाकतात, पुढच्या सीटवर दोरी, बादली, लांब हातमोजे, आणि आम्ही निघतो. किती म्हशी सोडवल्या, किती बकऱ्यांची फुगलेली पोटं उतरवली, याचा हिशोब बाईंनीही ठेवला नाही. त्या मालकीण, पण माझी नाडी मात्र मिस्त्रींच्याच हातात राहिली.

आता नाडी म्हटली तर थोडं समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या पोटात पिस्टन खालीवर होतात. पिस्टन वर येताना पेट्रोलची वाफ दाबतो, आणि तो माथ्याला पोचायच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. यालाच टायमिंग म्हणतात. लहान मुलाला झोका देताना तुम्ही काय करता? झोका मागे येऊन वळायच्या बेताला हात लावता. आधी लावला तर मनगटाला झटका बसतो, उशिरा लावला तर झोक्यात जोर येत नाही. माझंही तसंच. ठिणगी लवकर पडली तर मी ठोके मारते. उशिरा पडली तर मी चालते, पण दम लागतो, अंग तापतं आणि चढावर पाय लटपटतात.

ही वेळ जुळवायला डिस्ट्रिब्युटर नावाचा एक डबा असतो. त्याचा नट सैल करून तो जरासा फिरवायचा की ठिणगी पुढेमागे होते. मिस्त्री हे काम कानानं करायचे. एक तळहात माझ्या मडगार्डवर, दुसरा डिस्ट्रिब्युटरवर, डोळे मिटलेले. फिरवत फिरवत एका जागी थांबायचे, अगदी केसभर मागे घ्यायचे, आणि म्हणायचे, "हां. आता बोलली."

आणि खरंच सांगते, त्या क्षणी मला मोकळं वाटायचं.

धाकटी याच शेडमध्ये वाढली. बाहुल्यांऐवजी नट आवळायचे पाने घेऊन खेळली. मोठी झाली, बाहेरगावी जाऊन हेच काम रीतसर शिकली, तिथल्या मोठ्या वर्कशॉपमध्ये हात काळे केले आणि परत आली ती एक टायमिंग लाइट घेऊन. पिस्तुलासारखा दिसणारा दिवा. त्याची वायर ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या वायरला अडकवली की माझ्या प्रत्येक ठिणगीबरोबर तो लखकन् पेटतो. माझ्या पुढच्या अंगाला एक चाक फिरत असतं, त्याला पुली म्हणतात. तिच्या कडेवर कारखान्यानं एक खूण कोरलीय. शेजारी इंजिनावर एक छोटी पट्टी, तिच्यावर रेघा. त्या लखलखाटात फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसते, आणि खूण ठरलेल्या रेघेसमोर आली की टायमिंग बरोबर. इतकं सोपं. मला तर त्या उजेडात उगाच नटल्यासारखं वाटायचं.

तुम्हाला वाटेल, बापलेकीत यावरून वाजलं असेल. छे! मिस्त्रींना त्या दिव्याचं भारी कौतुक. त्यांनी एक रीतच पाडली. स्वतः कानानं टायमिंग लावायचे, मग बाजूला होऊन म्हणायचे, "बघ गं तुझ्या लाइटनं." धाकटी दिवा धरायची आणि लगेच ओरडायची, "बरोबर, बाबा!" मग मिस्त्री शेडमध्ये जो कोण असेल त्याच्याकडे असे बघायचे, जणू बक्षीस मिळालंय. किती गाड्या आल्या न् गेल्या, किती वेळा ते "बरोबर, बाबा" ऐकलं, पण त्यांची हौस फिटायची नाही.

मग हळूहळू त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटा, मग बायकोची हाक. ती स्वयंपाकघरातून घसा कोरडा करायची आणि हे शेडमध्ये ढिम्म. पण माझ्या इंजिनात एखादा व्हॉल्व्ह जरा सैल झाला की लगेच मान वळायची. बायको म्हणायची, "गाडीचं सगळं ऐकू येतं. संसाराचंच तेवढं येत नाही." सगळे हसायचे. एकदा मात्र मागून आलेल्या ट्रकचा हॉर्न त्यांना कळला नाही आणि थोडक्यात निभावलं. त्या दिवशी धाकटीनं त्यांच्या खिशातून किल्ल्या काढून घेतल्या. तेव्हापासून गाडी दुरुस्त करायची, पण चालवून बघायची नाही, असं झालं. बघायची ती धाकटी, कोपऱ्यापर्यंत, सपाट रस्त्यावर.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या अंगात एक खोड निघाली.

माझी ती पुली आहे ना, ती दिसायला एक, पण आहे दोन. आत गाभा, बाहेर लोखंडी कडं, आणि दोघांच्या मधे रबर, हादरे जिरवायला. ते रबर म्हातारं झालं. डोंगरात एका खडकाळ चढावर मी जोर लावला आणि बाहेरचं कडं गाभ्यावरून सरकलं, बोटभर. ना आवाज, ना काही. गाभा आपल्या जागी, पिस्टन आपल्या जागी. सरकलं फक्त कडं. पण खूण होती ती नेमकी त्या कड्यावर!

म्हणजे मी धडधाकट, आणि माझी खूण मात्र खोटी बोलायला लागलेली. मला कळत होतं सगळं. पण सांगू कशी? आम्हाला वाचा म्हणजे खोकणं, तापणं आणि बंद पडणं.

थोड्या दिवसांनी बाईंनी मला नेहमीच्या देखभालीला आणलं. मिस्त्रींनी प्लग साफ केले, ठिणगीचे पॉइंट बदलले, मडगार्डवर हात ठेवून टायमिंग लावलं. अगदी झकास लावलं. "हां. आता बोलली. बघ गं."

धाकटीनं दिवा धरला. खूण पट्टीवर नव्हतीच. पट्टीच्या पार बाहेर, वॉटर पंपाच्या खालच्या बोल्टासमोर दिसत होती. लाइट म्हणत होता, ठिणगी फार लवकर पडतेय, फारच लवकर.

धाकटीनं दिवा खाली घेतला, पुन्हा वर धरला. मला दिसत होता तिचा चेहरा. तिनं बापाकडे पाहिलं. ते हात पुसत, मान तिरकी करून वाट बघत होते, शाळेतल्या मुलासारखे.

"बरोबर, बाबा," ती म्हणाली.

ते खूश होऊन हात धुवायला गेले. ती दारापर्यंत जाऊन बघून आली, मग परत माझ्यापाशी आली, नट सैल केला, डिस्ट्रिब्युटर फिरवला, खूण पट्टीवर आणली आणि नट आवळला. अगं बाई, अगं बाई, म्हणत होते मी, पण माझं कोण ऐकतंय! तिनं माझी चांगली लागलेली वेळ उशिरा करून ठेवली, आणि ती कुणाच्या चांगल्यासाठी? बापाला कमीपणा येऊ नये म्हणून. रागावू तरी कशी?

सपाट रस्त्यावर मला काही होत नव्हतं. जरा सुस्त, एवढंच. पण डोंगर लागला आणि माझी दाणादाण उडाली. तापमानाचा काटा लालवर गेला, पाणी उकळलं, दुसऱ्या गिअरवर चढायचा चढ पहिल्यावर चढता चढता नाकी नऊ आले.

बाईंनी परत आणलं. मिस्त्रींनी इंजिन सुरू करून हात ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही अशी का बोलतेय? झोपेत बोलल्यासारखी? मी तर अशी नव्हती सोडली." त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा "बघ गं." पुन्हा "बरोबर, बाबा." आणि पुन्हा ते आत गेल्यावर तो नट.

काय सांगू तुम्हाला! मग रेडिएटर धुतला, कार्ब्युरेटर उघडला, नवे प्लग घातले. धाकटीनं तर पेट्रोलची टाकीही उतरवली. जे चांगलं होतं ते सगळं साफ झालं आणि दुखणं तिथेच. दर वेळी बाप वेळ जुळवायचा आणि लेक ती बिघडवायची. दोघांचाही माझ्यावर जीव, आणि त्या दोन जिवांमधे मी भाजून निघत होते.

मग एका दुपारी वरच्या वस्तीवरून निरोप आला, गाय अडलीय, वासरू आडवं आहे. बाई तशाच निघाल्या. मी जीव तोडून चढले, पण निम्म्या चढावर माझं पाणी उकळून बाहेर आलं आणि मी थांबले. बाईंनी एकदा बॉनेटकडे पाहिलं, पेटी खांद्याला मारली आणि चालत निघाल्या. चढाच्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मी तिथेच, वाफा सोडत. संध्याकाळी उतरून आल्या तेव्हा बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. सीटवर बसल्या आणि बराच वेळ किल्ली फिरवलीच नाही. गाय वाचली होती. वासरू नाही.

मला एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं. भंगारात पडले होते तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी बाई शेडमध्ये आल्या. आवाज चढवला नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. पण मिस्त्रींना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं बोलावं लागलं, आणि मोठ्यानं बोललेलं सगळंच रागाचं वाटतं.

"मिस्त्री, मला हिला दुसरीकडे दाखवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

"मीच सांगणार होतो, बाई," मिस्त्री म्हणाले. "हिच्यात काय बिघडलंय ते मला ऐकूच येत नाही. कान गेला माझा. मला बरोबर वाटतं ते बरोबर नसतं. या महिनाअखेर शेड बंद करतोय. कानाशिवाय हा धंदा करायचा म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ."

"बाबा!" धाकटी दुसऱ्या गाडीखालून बाहेर आली. "बंद काय करता? मी आहे ना!"

"तू आहेस. मोठ्या वर्कशॉपला जा परत. तिकडे शोभशील. इथे बापाच्या चुका निस्तरत किती दिवस बसणार?"

धाकटीचा चेहरा खर्रकन उतरला. पण 'तुम्ही चुकत नाही' असं तिनं म्हटलं नाही. कसं म्हणणार? तिला तर वाटत होतं की ते चुकतात. बाई खाली मान घालून स्टुलावर बसल्या. मला वाटलं, हॉर्न तरी वाजवावा.

शेवटी मिस्त्रीच उठले. "बाई, नेण्याआधी एकदा लावून देतो. दुसऱ्याच्या दारात हिनं अशी धापा टाकत जाऊ नये. थोरली आहे माझी."

त्यांनी मडगार्डवर हात ठेवला. तो हात मी ओळखते, पण त्या दिवशी तो हलका पडला, परक्यासारखा. त्यांनी फिरवलं, थांबले, केसभर मागे घेतलं. "बोलली," म्हणाले, पण मला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं. "बघ गं" म्हणालेच नाहीत. बाईंसाठी चहा सांगायला आत गेले, ते बराच वेळ तिकडेच बसले.

धाकटीनं सवयीनं दिवा धरला, दुसऱ्या हातात पाना घेऊन.

आणि पाना तसाच राहिला.

खूण वॉटर पंपाच्या खालच्या बोल्टासमोर होती. परवाही तिथेच होती. त्याच्या आधीही, आणि पहिल्या वेळीही, तिथेच. ती वाकली, पुन्हा नीट बघितलं. मग दिवा बंद केला आणि बाईंकडे वळली.

"बाई, मला एक सांगा. कान गेलेला माणूस चुकला तर कसा चुकेल?"

"कसा म्हणजे?"

"कधी इकडे, कधी तिकडे. हो ना? आज थोडा लवकर, उद्या थोडा उशिरा. बाबा दर वेळी त्याच जागी येतात. केसभरही फरक नाही. डोळे मिटून, ऐकू येत नसताना, दर वेळी त्याच बोल्टावर!" तिनं पाना बोल्टाकडे रोखला. "असं कुणी चुकतं का?"

बाई उठून माझ्यापाशी आल्या. "मग चुकतंय कोण?"

ज्याची मी इतके दिवस वाट बघत होते तो प्रश्न शेवटी कुणीतरी विचारला!

धाकटीनं आधी दिवा तपासला. शेजारच्या गाडीला लावला. तिथे तो खरं बोलत होता. मग ती माझ्याकडे आली आणि माझे सगळे प्लग काढले. एका जुन्या प्लगची आतली चिनीमाती फोडून तिनं त्यात लांब बोल्ट बसवला आणि तो पहिल्या प्लगच्या भोकात आवळला, म्हणजे वर येणारा पिस्टन माथ्याच्या अलीकडेच त्याला टेकून थांबेल. मग पुलीला पाना लावून हातानं, अगदी हळू, मला फिरवलं. टक्. पिस्टन टेकला. पट्टीवरच्या शून्यासमोर पुलीवर खडूची रेघ. मग उलटं फिरवलं. टक्. दुसरी रेघ. दोन्ही रेघांच्या बरोबर मधे पिस्टनचा खरा माथा. यात कान नको, डोळे मिटणं नको, आणि कारखान्याच्या खुणेवर विश्वासही नको.

तिनं मधली जागा मोजून तिथे तिसरी रेघ मारली. कारखान्याची खूण तिच्यापासून बोटभर लांब होती.

धाकटी मटकन खाली बसली. "खूण सरकलीय. बाई, खूण सरकलीय! बाबांचं बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं."

तेवढ्यात मिस्त्री चहा घेऊन आले. लेक जमिनीवर, सगळे प्लग बाहेर, पुलीवर खडूच्या रेघा. "काय झालं?"

धाकटी उभी राहिली. "बाबा, दर वेळी तुम्ही आत गेलात की मी तुमचं टायमिंग बदलत होते."

"काय?"

काही गोष्टी हळू बोलायच्या असतात, आणि हळू बोललेलं मिस्त्रींना ऐकू येत नाही. बिचारीला ते ओरडून सांगावं लागलं. "तुम्ही लावलेलं टायमिंग मी बदलत होते! तुम्हाला न सांगता! आणि तुमचंच बरोबर होतं!"

स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. आई दारात येऊन उभी राहिली.

मिस्त्रींनी चहा बाईंच्या हातात दिला. मग म्हणाले, "ठाऊक होतं मला."

"ठाऊक होतं?"

"नट तू जरा जास्तच आवळतेस. लहानपणापासून. पण ते नंतर कळलं. आधी कळलं ते तुझ्या 'बरोबर'वरून. दिवा धरल्या धरल्या म्हणायचीस तू. त्या दिवशी उशिरा म्हणालीस. मला शब्द नीट ऐकू येत नाहीत गं, पण उशीर कळतो."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुझ्या हातात लाइट. मला वाटलं, बाप चुकतोय हे पोरीला दिसतंय आणि ती झाकून घेतेय. तोंडावर म्हणाली असतीस ना, 'बाबा, चूक,' तर भांडलो असतो मी. सगळं उघडायला लावलं असतं. पण तू बरोबर म्हणालीस आणि मागून बदललंस. तेव्हा म्हटलं, संपलं आपलं. आता लोक आपल्याला सांभाळून घ्यायला लागले."

आई पदरानं डोळे टिपत म्हणाली, "उशीर कळतो म्हणे! जेवायला यायला होतो तो कळत नाही वाटतं." आणि मग बाईच आधी हसल्या, चहा सांडेपर्यंत.

मिस्त्री माझ्यासमोर वाकून बसले. पुलीच्या रबराला नखानं टोकरलं, फुगून आलेला काठ पाहिला. "तूच सरकलीस होय गं थोरले? आणि माझी लेक रडवलीस." पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या खऱ्या दुखण्यावर बोट ठेवलं होतं.

धाकटीनं खऱ्या माथ्याशी नवी खूण कोरली. आणि गाभ्यापासून रबरावरून कड्यापर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढली, म्हणजे कडं पुन्हा सरकलं तर रेघ मोडलेली दिसेल. पुढे माझ्याच जातीच्या एका मोडीत निघालेल्या गाडीची चांगली पुली मिळेपर्यंत त्या रेघेनं मला सांभाळलं.

त्याच दिवशी आम्ही डोंगरावर गेलो. चालवायला बाई, शेजारी मिस्त्री, मागे पेटीवर धाकटी. ज्या वळणावर मी धापा टाकत थांबले होते, ते दुसऱ्या गिअरवर असं घेतलं की मिस्त्रींना दांडी धरावी लागली. काटा मधेच राहिला. वरच्या वस्तीवर ती गाय गोठ्याबाहेर बांधलेली होती. बाई उतरून तिच्यापाशी गेल्या आणि तिच्या पाठीवर हात फिरवत जरा वेळ उभ्या राहिल्या. आमच्यापैकी कुणी हाक मारली नाही.

शेड बंद झाली नाही. महिनाअखेर आली न् गेली, मिस्त्रींनी तो विषयच काढला नाही. मीही काढत नाही.

आता त्यांना फारच कमी ऐकू येतं. माझ्या इंजिनाचाही आवाज कानापेक्षा तळहातानं जास्त घेतात. मी पण थकलेय. खालचा पत्रा दोनदा बदललाय, आणि थंडीत सुरू व्हायला माझ्या जिवावर येतं. एक दिवस दोघांचंही थांबेल, ते मला ठाऊक आहे. पण शेडमध्ये एक नवी रीत पडलीय, ती जुन्या रीतीहून मला आवडते. मिस्त्री टायमिंग लावतात, "बघ गं" म्हणतात, आणि धाकटी त्यांच्या समोर येऊन, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी उभी राहून, जे दिसलं ते सांगते. कधी "बरोबर, बाबा." कधी चक्क "चूक, बाबा!" मग दोघांची जुंपते. पाने आपटतात, आई आतून ओरडते, आणि सगळं उघडून बघितल्याशिवाय कुणी जेवत नाही. कधी बापाचं खरं निघतं, कधी लेकीचं. मिस्त्रींचा चेहरा मात्र दोन्ही वेळा सारखाच खुलतो.

तुम्हाला एकच सांगणं. घरात कुणी म्हातारं माणूस चुकतंय असं वाटलं, तर त्याच्या तोंडावर सांगा. भांडू द्या त्याला. मागून हळूच नट फिरवू नका.

चला, बाईंची पावलं वाजली. पेटी मागे पडली, बादली पुढे. मिस्त्रींचा हात मडगार्डवर आलाय आणि धाकटीनं दिवा धरलाय. किल्ली फिरली की मला बोलता यायचं नाही, म्हणून आत्ताच सांगते. मी बरोबर लागलेय की नाही, ते आज काय निघेल ठाऊक नाही. पण बरोबर असो की चूक, पोरीचं उत्तर आता वेळेवर येतं.